तीन कोटेशनं, एकच अक्षर

लडाखमध्ये पलटणीसाठी गावातून कोबी घ्यायचा, तर तीन विक्रेत्यांची कोटेशनं, म्हणजे लेखी भाव, फायलीला जोडावी लागत. त्या माझ्या फायलीवर ऑडिटवाल्याने लाल शाईत मारलेला शेरा मला अजून पाठ आहे. होता इंग्रजीत, पण मराठीत सांगायचं तर असा : "तिन्ही कोटेशनांचं हस्ताक्षर एकच दिसतं. खुलासा करा."

अक्षर एकच होतं, खोटं कशाला बोलू. लष्करी कार्यालयात चालेल असा कागद लिहून द्यायला त्या गावात एकच माणूस होता, शाळेचा मास्तर. कोबी विकणाऱ्या तीन बायका त्याच्या स्वयंपाकघरात चुलीभोवती बसल्या, मीठ-लोण्याचा चहा झाला आणि मास्तरांनी तिघींच्या वतीने तीन कागद लिहिले. त्यातल्या दोघी सासू-सुना. भाव तिघींचा सारखाच, कारण तो गावाचा भाव. आता सगळ्यात कमी भाव कुणाचा, हे फायलीत कसं दाखवायचं? मी सासूबाईंना, लडाखीत आईला म्हणतात तशी हाक मारून, म्हटलं, "आमा-ले, तुम्ही आठ आणे कमी लावा." त्या म्हणाल्या, सुनेपेक्षा माझा कोबी स्वस्त का? झालं. पुढचा अर्धा तास त्यावरच गेला.

खुलासा म्हणून मी एवढंच लिहिलं : गावात घरं तीसच्या आत, दुकान एकही नाही, कागद लिहिणारा एक. मंजूर झाला की नाही कुणी कळवलं नाही. शेरा पुन्हा आला नाही, तेव्हा झाला असावा.

मी मराठा पलटणीत कंपनीचा क्वार्टरमास्टर हवालदार होतो. बंदूक सगळेच चालवतात, मी त्याशिवाय पीठ-मीठ-तेल-रॉकेलही चालवायचो. आमची कंपनी तेव्हा लडाखमध्ये नुब्राच्या खोऱ्यात होती. २००३ च्या नोव्हेंबरात शस्त्रसंधी होऊन तोफा शांत झाल्या, त्यानंतरचा हा काळ. सियाचिन म्हटलं की लोकांना बर्फातला पांढरा तंबू आठवतो. तिथलं सगळं हेलिकॉप्टरवर आणि पोर्टरच्या पाठीवर चालतं, आणि अंडं तिथे दगड होतं. माझी गोष्ट तिथली नाही, खालची आहे. नदीकाठची, दहा हजार फुटांच्या आसपासची, जिथे जर्दाळूची झाडं आहेत आणि उन्हाळ्यात कोबी फुटबॉलएवढा होतो.

अडचण अशी की कंपनी एका जागी नसते. मुख्य ठाण्यावर पन्नास-साठ माणसं, बाकीची आठ-आठ, दहा-दहाच्या टोळ्यांनी नाल्यानाल्यांत विखुरलेली. एक पूल सांभाळतो, एक वाट सांभाळतो, एक नुसता दुर्बीण घेऊन बसतो. प्रत्येकाला दोन वेळचं गरम जेवण लागतंच. पीठ, तांदूळ, डाळ, साखर यांचं फार अवघड नाही, ते पावसाळ्यापूर्वी घर भरावं तसं हिवाळ्यापूर्वी भरून ठेवतात. तेव्हा झोजीला खिंड बंद झाली की सहा महिने बाहेरचा माल बंद, त्यामुळे नोव्हेंबरच्या आत सगळी कोठारं गच्च. खरी रड असते ताज्या मालाची. आमच्या भाषेत ‘फ्रेश’. भाजी, कांदे-बटाटे, अंडी.

त्या फ्रेशचा प्रवास बघा. मैदानी मुलखातली भाजी तेव्हा मनालीहून पावणेपाचशे किलोमीटर चढत-उतरत लेहला येणार. तिथे डेपोत उतरणार, वाटणी होणार. मग पुन्हा गाडीत चढून साडेसतरा हजार फुटांवरच्या खारदुंगलावरून नुब्रात. तिथून आमचं ठाणं, आणि ठाण्यावरून आठवड्याची एक गाडी पोस्टांवर. रात्री गोठलेला टोमॅटो दुपारी उन्हात वितळला की त्याचं काय होतं, ते टोपलीखाली हात घातल्यावर कळतं. उन्हाळ्यात बर्फ वितळून दुपारनंतर श्योक नदी फुगायची, रस्ता पाण्याखाली जायचा आणि गाडी अलीकडेच मुक्कामाला. पोस्टवरचा पोरगा वायरलेसवर विचारायचा, "उस्ताद, गाडी?" मी म्हणायचो, "पाणी." की तो समजायचा, आज पण डाळच.

आणि त्याच पोस्टच्या खाली, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, कुणाच्या तरी वाफ्यात पालक उभा असायचा.

तर ‘एलपी’, म्हणजे लोकल पर्चेस. डेपोत एखादी वस्तू नसेल तर डेपो ‘नाही’ असा दाखला देतो. तो दाखला, मंजुरी आणि खर्चाची मर्यादा हातात असली की जागेवर विकत घेता येतं. नियम चांगला आहे. पण तो करणाऱ्याच्या डोळ्यासमोर बाजारपेठ होती. तीन दुकानदार, तीन छापील लेटरहेडं, टनावारी माल, बिल दिलं की महिन्याभराने चेक. आमच्या समोर होती एक म्हातारी. तिच्याकडे अकरा कोबी आणि तीन किलो मुळा, आणि तिला पैसे आत्ता हवे होते, कारण उद्या तिचा नातू दिस्कितला चालला होता.

लेहकडच्या शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायट्या आहेत, त्या लष्कराला भाजी पुरवतात आणि ते काम मोठं आहे. लेहमधलीच डीआरडीओची प्रयोगशाळा कित्येक वर्षं त्या थंडीत कुठली भाजी कशी येईल यावर खपते आहे. पण सोसायटीला गाडी भरेल एवढा माल लागतो. नाल्याच्या टोकाच्या आठ घरांचा माल सोसायटीपर्यंत पोचत नाही आणि सोसायटीचा माल नाल्याच्या टोकाच्या आठ जवानांपर्यंत पोचत नाही. ही दोघं एकमेकांच्या समोर राहतात. त्यांना जोडायचं कुणी, तर माझ्यासारख्यानं.

मी कोरेगाव तालुक्यातला. आमच्याकडे वाघ्या घेवडा पिकतो, आता त्याला जीआय, भौगोलिक मानांकन का काय ते मिळालंय. वडील घेवडा आणि मेथी घेऊन मार्केट यार्डात जायचे आणि संध्याकाळी पट्टी घेऊन यायचे. पट्टीवर अडत, हमाली, तोलाई वजा होऊन एक आकडा असायचा, आणि तो आकडाही हातात नसायचा, ‘पुढच्या गुरुवारी या’ असायचा. वडिलांना भाव कमी मिळाल्याचं दुःख मी फारसं पाहिलं नाही. भाव काय, देवाच्या हातात. पण ‘पुढच्या गुरुवारी’ म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरायचा, तो मी पाहिलाय. म्हणून नुब्रात पहिल्या दिवसापासून माझं एकच : माल काट्यावर, पैसे हातावर. त्याच जागी, त्याच मिनिटाला.

हे बोलायला सोपं. पहिल्या महिन्यात माझ्याकडे होत्या पाचशेच्या नोटा. कोबीचे झाले बेचाळीस रुपये. गावात मोड कुणाकडे? कुणाकडेच नाही. दुसऱ्या खेपेला मी एका जवानाला लेहला पाठवून दहाच्या नोटांची बंडलं आणि नाण्यांची पिशवी आणवली. आमचे सुभेदार साहेब म्हणाले, "कंडक्टरची नोकरी लागली काय रे?" लागलीच होती म्हणा. पण ती पिशवी आल्यावर खरेदी तिप्पट झाली. आधी लोक माल आणत नव्हते याचं कारण भाव हे नव्हतं, ‘राहू दे बाकी, पुढच्या वेळी’ हे होतं. उधारीचा अनुभव त्यांनाही होता. आमच्या आधी कधीतरी कुणाचं तरी बिल वरच्या कुठल्यातरी कार्यालयात अडकलं, आणि ते मिळेपर्यंत ती पलटणच बदलून गेली. नवीन येणाऱ्याला जुन्याची बाकी माहीत नसते. गावाला मात्र पलटणीचं नाव लक्षात राहत नाही, वर्दी लक्षात राहते.

मग वार ठरवला. गुरुवार. (वडिलांचा गुरुवार डोक्यात होता का, कोण जाणे.) जागा पुलाजवळची, छोर्तेनच्या, म्हणजे बौद्ध स्तूपाच्या, अलीकडे. सकाळी नऊला काटा टांगायचा. पहिल्या गुरुवारी दोन बायका आल्या, तिसऱ्या गुरुवारी सतरा. कुणी गाजर, कुणी शलगम, कुणी पाठीवरच्या करंडीत मावेल तेवढा कोबी, एक म्हातारा नुसत्या वाळलेल्या जर्दाळूंची पिशवी घेऊन. जर्दाळू आमच्या यादीत नव्हते. त्याचे मी माझ्या खिशातून घेतले आणि घरी पार्सल केले. आईनं त्यांचं लोणचं घातलं, ते बिघडलं. असो.

सगळ्यात मोठी सुधारणा मात्र माझी नाही, एका ड्रायव्हरची. आधी आम्ही माल गोळा करून ठाण्यावर न्यायचो, तिथे नोंद, तिथे वाटणी, मग पोस्टची गाडी निघाली की त्याच रस्त्यानं तोच कोबी परत. तो ड्रायव्हर एकदा वैतागून म्हणाला, "उस्ताद, हा मुळा माझ्यापेक्षा जास्त फिरतो." बरोबर होतं. पुढच्या खेपेपासून पुलावरच वाटे घातले. कागद ठाण्यावर, माल सरळ पोस्टवर. आणि दोन पोस्टा इतक्या आडबाजूला होत्या की त्यांना मी एकेक वही आणि पाचशे रुपयांच्या दहा-दहाच्या नोटा देऊन टाकल्या. खालच्या घरातून रोज काय लागेल ते घ्या, वहीत लिहा, देणाऱ्याची सही नाहीतर अंगठा. कंपनी कमांडर साहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. पैसा खाली गेला की चिंता वर जाते, हे लष्करातही तसंच आहे. पण वह्या महिन्याअखेर चोख यायच्या. एका वहीत तर ‘दूध २ बाटली, आमा-लेने पैसे घेतले नाहीत, तिचे छप्पर शेकारून दिले’ अशी नोंद होती. ही खर्चात कशी दाखवायची ते मला जमलं नाही.

मटणाचं वेगळं. लष्करात मटण आपल्या पायांनी चालत येतं, त्याला नाव ‘मीट ऑन हूफ’. बकरी जिवंत पोस्टपर्यंत न्यायची आणि तिथे कापायची, बर्फाच्या पेटीची गरज नाही. गावातले बौद्ध लोक मांस खातात, पण जीव घेणं त्यांना नको असतं. बकरी विकायला तयार, फक्त गावाच्या हद्दीत कापू नका आणि पाण्याच्या वरच्या अंगाला तर नकोच. आमच्या एका नवीन पोरानं ते ऐकलं नाही. पुढचे दोन गुरुवार पुलावर कुणी आलं नाही. मी स्वतः जाऊन मास्तरांच्या चुलीशी बसलो, तीन कप तो खारट चहा प्यालो, तेव्हा तिसऱ्या गुरुवारी काटा हलला.

याच काळात लष्कराचं ‘सद्भावना’ जोरात होतं. लोकांसाठीचा तो उपक्रम, शाळा, दवाखाने, संगणक वगैरे. चांगलं काम आहे, मी त्यात खुर्च्या लावल्यात. पण माझं आपलं मत, फीत कापलेल्या शाळेपेक्षा रोख घेतलेला कोबी माणसाला जवळ आणतो. देणगी घेताना माणूस हात जोडतो. विकताना तो घासाघीस करतो, आणि घासाघीस बरोबरीच्या माणसाशीच होते.

आता माझी चूक सांगतो.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरात मी बटाट्यावर तुटून पडलो. हिशेब साधा होता. माणशी दिवसाला शंभर ग्रॅम धरले तर शंभर माणसांना दहा किलो. हिवाळ्याचे १८० दिवस म्हणजे १,८०० किलो. खारदुंगलावरून आणायचा तर अर्धा गोठून काळा पडणार, इथे शेतातून थेट खंदकात. भाव मी जरा चढा लावला. लोकांनी भराभर दिले. आठ दिवसांत कोठी भरली, साहेबांनी पाठ थोपटली, मीही मिशीला पीळ दिला.

फेब्रुवारीत मास्तर आले. नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, गावात बटाटा संपला. खायचा संपला ते आम्ही बघून घेऊ, पण तीन-चार घरांनी बियाण्याचासुद्धा विकलाय. एप्रिलअखेर लावायचं काय?

शेतकऱ्याचा पोरगा मी. वडिलांनी उपाशी काढलेली रात्र मला माहीत होती, पण बियाण्याच्या कणगीला हात लावल्याचं माहीत नव्हतं. मी विकत घेताना एवढंही विचारलं नाही की हा खायचा का बेण्याचा. शंभर माणसांची कंपनी म्हणजे तोंडांच्या हिशेबात त्या गावाएवढं दुसरं गावच की. ते गाव रोख पैसे घेऊन बाजारात उतरलं तर खरं गाव रिकामं होणारच. भाव चढा लावला तर अजून लवकर.

पण सरकारी कोठीतला माल गावाला परत द्यायचा कसा? नियमात तशी सोयच नाही. दोन रात्री विचार केला. मग मार्च उजाडला आणि बटाट्यांनीच वाट दाखवली. खंदकातल्या उबेनं त्यांना कोंब फुटले. कोंब आलेला बटाटा लंगरात घेत नाहीत, खराब म्हणून बाजूला काढायचा असतो. मी साहेबांना कळवलं, त्यांनी बोर्ड बसवला. तीन अधिकारी आले, पोती उपसून पाहिली, चार पोती ‘खाण्यास अयोग्य’ म्हणून सही केली. खरंच होतं, खाण्यास अयोग्यच होती. त्यातले एक कॅप्टन साहेब नगरकडचे. सही करता करता माझ्याकडे न बघता म्हणाले, "डोळे चांगले आलेत रे." मी म्हटलं, "होय साहेब." टाकाऊ मालाची विल्हेवाट म्हणून ती चार पोती मास्तरांच्या अंगणात गेली.

दुसऱ्या वर्षी मी उलट्या टोकाकडून सुरुवात केली. एप्रिलच्या मधल्या आठवड्यात, लावणीच्या आधी, गावात जाऊन सांगितलं : आम्हाला गाजर आणि कांदा जास्त लागेल, मुळा कमी, बटाटा प्रत्येक घराकडून अमुकच पोती, त्याच्यावर दिला तरी घेणार नाही. पेरायच्या आधी सांगितलं तरच ती मागणी, काढणीनंतर सांगितलं तर ती नुसती झडप. पण मेख अशी की पलटण दोन वर्षांत बदलते. एप्रिलमध्ये शब्द देणारा सप्टेंबरात असेलच असं नाही. मी माझ्या जागी आलेल्या हवालदाराला सगळ्या घरांची यादी लिहून दिली, चार्जच्या कागदांत नव्हे, वेगळ्या वहीत. त्यानं ती वाचली की नाही, देव जाणे.

निवृत्तीनंतर आमच्या इतिहासाच्या एका सरांनी मला महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या सैन्याला लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र वाचून दाखवलं. याआधी मी ते भाषणांतून ऐकलं होतं, रयतेला त्रास देऊ नका वगैरे. अख्खं ऐकल्यावर मी सरांना म्हटलं, हे तर क्वार्टरमास्टरला लिहिलंय. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत बेतानं वापरा, आताच उधळलंत तर पुढे मिळायचं नाही, घोडी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्याच्या घरी शिराल. कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी फाटे. जे लागेल ते बाजारात जाऊन विकत आणा. आणि रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात पळवील आणि गवताच्या गंजी पेटतील. उंदराचं ऐकल्यावर मी हसायलाच लागलो. बुखारीशेजारी, म्हणजे शेगडीशेजारी, राशनची कोठी असलेल्या माणसाला तो उंदीर बरोबर ओळखू येतो. राज्य चालवणारा माणूस वातीपर्यंत पोचलेला होता, ‘खुलासा करा’ म्हणून थांबला नव्हता. मोठ्या फौजांना धान्य पुरवायला पुढे लमाणांचे तांडे होतेच, पेशव्यांकडे, निजामाकडे आणि इंग्रजांकडेही, हजारो बैलांवर. पण तांडा मोठ्या छावणीकडे जातो. दहा घोडेस्वारांच्या चौकीवर तेव्हाही कुणीतरी वाडीत जाऊन भाजीच आणत असणार. त्यानं पैसे दिले की नाही, तेवढाच प्रश्न.

हे सगळं आठवायचं कारण, माझा पुतण्या आता तिकडेच आहे. नुब्रात नाही, पण लडाखातच. परवा त्याचा फोन आला. मी विचारलं, भाजीचं कसं? म्हणाला, आता पैसे खात्यात जातात तात्या, नोटांची कटकट नाही. म्हटलं, आणि त्या खालच्या गावात रेंज असते का? म्हणाला, कधीकधी. म्हटलं, मग दहाच्या नोटा ठेव जवळ.

मग त्यानं खरा प्रश्न काढला. यंदा त्याच्याकडे कोठीचं काम आलंय, कोबी भरपूर मिळालाय आणि पोत्यात घातला की महिन्यात सडतो.

म्हटलं, कापून घेऊ नकोस. उपटून द्यायला सांग, मुळासकट. मग खंदकात दोरी बांध आणि मुळं वर करून टांग.

"उलटा?"

"उलटाच. आणि एकाला दुसरा लागू देऊ नको. वरची पानं वाळतील, ती काढू न—"

तेवढ्यात रेंज गेली.